तारापूरहून परळला, ओक रिजमार्गे

साल १९६९. बोईसरला गाडीतून उतरलात तर फलाटावर गर्दी नाही. एमआयडीसी अजून यायची आहे, आणि तिच्याबरोबर येणारा तो तिखट वासही. स्टेशनाबाहेर गवताच्या वखारी आहेत; मुंबईच्या तबेल्यांकडे जाणाऱ्या गाठी रचून ठेवल्या आहेत. तुम्हाला न्यायला आलेली जीप पश्चिमेचा रस्ता धरते. ताडाची झाडं, कुडाची घरं, बांबूवर वाळत घातलेले बोंबील, आणि त्यांच्या मागे एकदम एक भलीमोठी काँक्रीटची इमारत. पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं अजून जागच्या जागी आहेत. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी ती उठतील, पण त्याला काही दशकं अवकाश आहे. आत्ता इथे अमेरिकेशी १९६३ मध्ये झालेल्या करारातून उभ्या राहिलेल्या दोन भट्ट्या आहेत, २१० मेगावॉटच्या. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र.

गेटवर एक जण तुमच्या खिशाला बिल्ला अडकवतो. आत फोटोच्या फिल्मचा तुकडा आहे. ठरावीक मुदतीनंतर तो परत घेतला जाईल, धुतला जाईल, आणि किती काळा पडला त्यावरून तुमच्या अंगावर किती किरणं पडली ते वहीत लिहिलं जाईल. मर्यादेच्या पुढे गेलात तर काही काळ तुम्हाला आत सोडणार नाहीत. बिल्ला लावणाऱ्याला विचारा, ही मर्यादा ठरवली कुणी? तो हसून म्हणेल, ‘वरून आलीय.’

वरून म्हणजे कुठून, ते बघायला आपण जाणारच आहोत. त्याआधी नियंत्रण कक्षात डोकावून घ्या. हात कशालाही लावायचा नाही. युरेनियमचा अणू फुटला की दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात, ते पुढचे अणू फोडतात, त्यांतून आणखी सुटतात. हे वाढतच गेलं तर भट्टी वितळेल, विझत गेलं तर वीज नाही. मधला तोल राखतात त्या बोरॉन भरलेल्या सळ्या. तारापूरच्या भट्टीत त्या खालून वर सरकतात. गंमत अशी की या सळ्या इंधनाला काहीच करत नाहीत. त्या फक्त न्यूट्रॉन पितात. ज्याच्या जोरावर आग पुढे सरकते तेवढंच काढून घेतात, आणि आग आपसूक आवरते. हे नीट बघून ठेवा. पुढच्या सगळ्या प्रवासात माझी भिस्त या एका उपमेवर आहे.

आता बिल्ल्याचा माग काढत वीस वर्षं मागे चला.

१९४९, ओक रिज, टेनेसी. या डोंगराळ भागातली शेतं युद्धाच्या काळात सैन्याने ताब्यात घेतली, कुंपण घातलं आणि आत एक गुप्त शहर वसवलं. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बचं युरेनियम इथलं. युद्ध संपल्यावर प्रश्न उरला तो किरणांनी माणसाच्या पुढच्या पिढ्यांचं काय होतं हा. माणसांवर प्रयोग करता येत नाहीत, म्हणून विल्यम आणि लिआन रसेल या दांपत्याला इथे बोलावलं गेलं आणि त्यांनी उंदरांची वसाहत थाटली. पुढे तिथे लाखो उंदीर मोजले गेले. किरणांच्या मर्यादा ठरवणाऱ्या समित्यांपुढे याच उंदरांचे आकडे होते. तारापूरच्या गेटवरच्या त्या बिल्ल्याची एक मुळी इथवर येते.

आत शिरताना नाकाला रुमाल लावावासा वाटेल. भुसा, मुताचा दर्प, पिंजऱ्यांच्या रांगांवर रांगा, प्रत्येक पिंजऱ्यावर एक कार्ड. एका पिंजऱ्यापाशी थांबा. पिल्लं पंधरा-सोळा दिवसांची आहेत. काही टुणटुणीत, पण एक-दोन नर खुरटलेले, कातडी लालसर आणि खवल्यांनी भरलेली, कान जाड, डोळे नीट उघडलेले नाहीत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती मरतील. पोट उघडून बघितलं तर प्लीहा आणि लसिका ग्रंथी फुगलेल्या सापडतील. यांना किरणं दिलेली नव्हती. हा दोष आपणहून उपजला होता, तोही एक्स गुणसूत्रावर. म्हणून आया धडधाकट आणि त्यांचे निम्मे मुलगे मरणार. कातडीवरच्या कोंड्यावरून या वाणाला नाव पडलं स्कर्फी.

हा वाण मोडीत काढला असता तर कुणी विचारायला आलं नसतं. किरणांच्या हिशेबात त्याचा उपयोग नव्हता आणि तो टिकवणं कटकटीचं होतं, कारण नर वयात यायच्या आत मरतात; दर पिढीत आईवरूनच वंश पुढे न्यावा लागतो, कोणती मादी दोष वाहते ते तिची पिल्लं मरू लागल्यावरच कळतं. तरी रसेलांनी तो ठेवला. दहा वर्षांनी, १९५९ मध्ये, याच स्कर्फीच्या आधारे त्यांनी दाखवलं की एकच एक्स असलेला आणि वाय नसलेला उंदीर मादी होतो, म्हणजे नर ठरवायचं काम वाय गुणसूत्राचं. तेवढीच कमाई पुरेशी होती. पण पिल्लं मरतात कशाने, हा प्रश्न कार्डावर तसाच राहिला. पिंजरे धुणाऱ्या, भुसा बदलणाऱ्या, कार्डं भरणाऱ्या माणसांची नावं कुठल्या शोधनिबंधावर नाहीत. माझ्या मते या गोष्टीतला अर्धा मान त्यांचा आहे.

पुन्हा १९६९, पण या खेपेला जपानमधलं नागोया. तारापूरच्या भट्ट्या पेटताहेत त्याच वर्षी आयची कर्करोग केंद्रात यासुआकी निशिझुका आणि तेरुयो साकाकुरा तीन दिवसांच्या पिल्लांवर एक नाजूक शस्त्रक्रिया करताहेत. पिल्लू तुमच्या अंगठ्याच्या पेरापेक्षा फार मोठं नाही. भिंगाखाली छातीत बारीक चीर, आणि हृदयाच्या वर बसलेली थायमस ग्रंथी बाहेर. प्रतिकारशक्तीतल्या टी पेशी या ग्रंथीत तयार होतात; ती नसेल तर ही शक्ती उभीच राहत नाही, हे ऑस्ट्रेलियात वाढलेल्या जाक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखवून ठेवलं होतंच. ग्रंथी गेली म्हणजे प्रतिकारशक्ती लंगडी पडणार, अशी कुणाचीही अटकळ असणार.

झालं भलतंच. मोठ्या झालेल्या माद्यांची अंडाशयं नाहीशी झाली होती. आणि विचित्र म्हणजे सातव्या दिवशी ग्रंथी काढली तर काही होत नव्हतं. पहिला तर्क अंतःस्रावाचा झाला. थायमसमधून अंडाशयाला लागणारं काही पाझरत असावं! तर्क वाईट नव्हता, फक्त चुकीचा होता. सत्तरच्या दशकात क्योटोतला पदव्युत्तर अभ्यास अर्धवट टाकून शिमोन साकागुची नावाचा तरुण डॉक्टर निशिझुकांच्या प्रयोगशाळेत आला. त्याने धडधाकट मोठ्या उंदरांच्या टी पेशी या पिल्लांना टोचल्या, आणि अंडाशयं वाचली. हे १९८२ मध्ये छापून आलं. म्हणजे अंडाशयं उपाशी मेली नव्हती. ती खाल्ली गेली होती. पिल्लाच्या स्वतःच्याच टी पेशींनी खाल्ली होती, कारण त्यांना आवरणाऱ्या दुसऱ्या टी पेशी थायमसमधून थोड्या उशिरा निघतात आणि तिसऱ्या दिवशी दार बंद झाल्यामुळे त्या आतच अडकल्या.

इथे तुम्हाला वाटेल, झालं, कोडं सुटलं. सुटलं नाही. चुकीच्या वेळी बरोबर बोलणाऱ्याचं जे होतं ते झालं.

आवर घालणाऱ्या पेशींची कल्पना नवी नव्हतीच. येल विद्यापीठात रिचर्ड गर्शन आणि काझुनारी कोंडो यांनी १९७० मध्येच ती मांडली होती आणि त्यानंतर सगळं जग ‘सप्रेसर’ पेशींच्या मागे लागलं होतं. कुठल्याही परिषदेत शिरा, फळ्यावर बाणांचं जाळं दिसेल: ही पेशी तिला दाबते, ती तिसरीला, तिसरी पहिलीला. या पेशींची ओळख म्हणून ‘आय-जे’ नावाचा रेणूही नेमून दिलेला होता, उंदराच्या सतराव्या गुणसूत्रावर अमुक जागी त्याचं जनुक आहे असं सांगत. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात लिरॉय हूड यांच्या गटाने ती जागा बारकाईने तपासली. तिथे असं जनुक नव्हतंच. गर्शन त्याच वर्षी गेले. त्यानंतर ‘सप्रेसर’ हा शब्द अर्जात दिसला की अनुदान मिळायचं नाही. अनेकांनी विषय बदलला. साकागुचींनी बदलला नाही.

या पडझडीत मला विज्ञानाचा दोष दिसतो आणि गुणही. बाणांची जाळी काढणारे सगळे मूर्ख नव्हते. परिणाम खरा होता, पेशी हातात सापडत नव्हती. पेशीला धरायला मूठ नसली की तिच्याबद्दल काहीही बोलता येतं. उलट हूड यांनी ज्या निर्दयपणे मूठ तपासली ती तपासणी हवीच होती. पण त्या भरात परिणामही कचऱ्यात गेला आणि पुरी बारा वर्षं वाया गेली.

मूठ सापडली १९९५ मध्ये. आता तुम्ही टोकियोत आहात. साकागुचींनी निरोगी उंदरांच्या मदतनीस टी पेशी घेतल्या आणि त्यांतल्या ज्यांच्या अंगावर सीडी२५ नावाचा रेणू होता तेवढ्या वगळल्या. फार नव्हत्या त्या, शंभरात पाच ते दहा. उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरांना टोचल्या. काही आठवड्यांत त्या उंदरांची थायरॉइड सुजली, जठराचं अस्तर गेलं, अंडाशयं गेली, स्वादुपिंडावर हल्ला झाला. वगळलेल्या पेशी वेळेत परत टोचल्या तर काहीच होत नव्हतं. शंभरातल्या या पाच-दहा पेशींवर अख्ख्या देहाची शांतता टांगलेली होती.

आता तारापूरच्या सळ्या आठवा. सीडी२५ हा इंटरल्यूकिन-२ पकडणाऱ्या हाताचा भाग आहे. हल्ला करणारी टी पेशी चेतली की इंटरल्यूकिन-२ सोडते आणि त्यावर तिची नि तिच्या बहिणींची संख्या भराभर वाढते. साखळी पुढे जाते ती याच रसावर. आवर घालणारी पेशी, जिला आज रेग्युलेटरी टी पेशी किंवा प्रयोगशाळेच्या बोलीत टी-रेग म्हणतात, ती हा रस स्वतः बनवत नाही, पण तो पकडणारे हात तिच्या अंगावर खच्चून भरलेले असतात. ती तो पिऊन टाकते. शिवाय सीटीएलए-४ नावाचा रेणू वापरून ती सूचना देणाऱ्या पेशींच्या अंगावरून ‘हल्ला करा’ हा इशाराच ओरबाडून घेते, आणि आयएल-१० व टीजीएफ-बीटा असे शमवणारे रेणू सोडते. फरक एकच: भट्टीच्या सळ्यांना नियंत्रण कक्षातून हुकूम जातो. इथे कक्ष नाही. सळीनेच ठरवायचं, कुठे शिरायचं आणि किती.

सहा वर्षं पुढे, २००१, सिअ‍ॅटलशेजारचं बॉथेल. सेलटेक कायरोसायन्स नावाच्या औषध कंपनीत मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या हातात ओक रिजच्या त्या स्कर्फीचे वंशज आहेत. बावन्न वर्षं कुणी ना कुणी आईवरून हा वंश पुढे नेत राहिलं होतं. मधल्या काळात एवढं कळलं होतं की पिल्लं टी पेशींच्या बेफाम हल्ल्याने मरतात. जनुक मात्र सापडत नव्हतं. आज कुणीही नमुना पाठवला तर काही दिवसांत सारा जीनोम वाचून मिळतो. तेव्हा एक्स गुणसूत्रावरचा संशयित टापू हळूहळू आवळत आणावा लागे. तो पाच लाख अक्षरांवर आला, त्यात वीस जनुकं निघाली आणि त्यांनी ती एकेक करून तपासली. एकोणीस निर्दोष. विसावं, शेवटचं, दोषी निघालं: दोन अक्षरं जास्तीची घुसलेली, त्यामुळे पुढचं सगळं वाचनच बिघडलेलं. त्यांनी नाव दिलं फॉक्सपी३.

माणसाच्या एक्स गुणसूत्रावरही हेच जनुक आहे आणि ते बिघडलेली मुलं जन्मतात. आयपेक्स नावाचा हा दुर्मीळ आजार मुलग्यांना होतो. तान्हेपणीच न थांबणारे जुलाब, अंगभर इसब, इन्शुलिनवर जगवावा लागणारा मधुमेह. पुढे २००३ मध्ये साकागुचींच्या, रॅम्सडेलांच्या आणि अलेक्झांडर रुडेन्स्की यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दोन धागे बांधले: फॉक्सपी३ हे जनुकच टी पेशीला टी-रेग बनवतं. स्कर्फीच्या पिल्लांमध्ये सळ्याच नव्हत्या. आणि आया धडधाकट का, तेही उलगडलं. मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गप्प बसलेला असतो. ज्या पेशींत चांगला एक्स जागा आहे त्या टी-रेग बनतात, आणि तेवढ्या पुरतात.

एक चहाटळ टीप इथेच देतो. बॉथेलची ही कंपनी ज्या डार्विन मॉलेक्युलर नावाच्या कंपनीतून पुढे आली, तिच्या संस्थापकांत लिरॉय हूड होते. सप्रेसर पेशींच्या शवपेटीवर ज्यांनी शेवटचा खिळा ठोकला, त्यांनीच घातलेल्या ओट्यावर ती पेशी पुन्हा उठून बसली. ६ ऑक्टोबर २०२५ ला ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना वैद्यकाचं नोबेल जाहीर झालं तेव्हा रॅम्सडेल डोंगरात भटकत होते, आणि स्वीडनहून आलेला फोन ब्रंकोंनी फसवा समजून उचललाच नव्हता. लिआन रसेल २०१९ मध्येच गेल्या होत्या.

एवढं सगळं झालं ते स्वतःच्या देहावर उलटलेल्या सैन्याबद्दल. आता बाजू बदला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. काचेवर गाठीचा कागदापेक्षा पातळ काप आहे. कर्करोगाच्या पेशी निळसर-जांभळ्या, दाटीवाटीने बसलेल्या. फॉक्सपी३ला चिकटणारी अँटिबॉडी लावून तपकिरी रंग चढवला आहे, त्यामुळे टी-रेगचं तेवढं केंद्रक तपकिरी टिंब म्हणून उठून दिसतं. गाठीबाहेर टिंबं विरळ. गाठीत शिराल तशी ती वाढत जातात, आणि त्यांच्या शेजारी हल्ला करायला आलेल्या टी पेशी नुसत्या उभ्या आहेत. २००४ मध्ये टायलर क्युरिएल यांच्या गटाने अंडाशयाच्या कर्करोगात हे मोजलं: गाठ सीसीएल२२ नावाचा रेणू सोडून टी-रेगना आमंत्रण देते, त्या येतात, आणि जिच्या गाठीत त्या जास्त तिचं आयुष्य कमी. कर्करोगाने स्वतःचं कवच बनवलंच नाही. तुमच्याच भट्टीच्या सळ्या त्याने ओढून आपल्याभोवती घातल्या.

लगेच ‘मग काढा त्या सळ्या’ म्हणू नका. जपानमधल्या गटांनी १९९९ मध्ये उंदरांत त्या काढून गाठी विरघळवल्या खऱ्या. पण साऱ्या देहातून सळ्या ओढल्या तर काय होतं ते तुम्ही ओक रिजच्या पिंजऱ्यात बघून आलाय. शिवाय प्रत्येक कर्करोगात टी-रेग खलनायक नाहीत. मोठ्या आतड्याच्या काही गाठींत त्या जास्त असलेले रोगी उलट जास्त जगतात, बहुधा जंतूंमुळे पेटलेली सूज त्या आवरतात म्हणून.

आता घरी या. डहाणूहून चर्चगेटला निघालेली लोकल आहे; विरारच्या पुढे अशा लोकल धावू लागल्या त्या २०१३ पासून. बोईसरला एक मावशी चढतात, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन फायली. त्यांना खिडकी द्या. बोईसरमध्ये कुणालाही कर्करोग झाला की पहिलं बोट एमआयडीसीकडे जातं, दुसरं अणुकेंद्राकडे. दातांना लावायच्या मशेरीच्या डबीकडे कुणी बोट दाखवत नाही. मावशींनी ती चाळीस वर्षं लावली आणि गालाच्या आत जखम झाली ती भरलीच नाही. शस्त्रक्रिया झाली, किरणं झाली, ती परत आली. दुसरी फाइल आमवाताची: बोटांचे सांधे वाकडे, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट, सोबत थोडं स्टेरॉइड. एकाच देहात सळ्या एके ठिकाणी कमी पडल्या आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी जास्त झाल्या आहेत.

दादरला गाडी बदलून प्रभादेवीला उतरा, म्हणजे पूर्वीचं एल्फिन्स्टन रोड, आणि चालत परळला या. रस्त्याच्या एका बाजूला टाटा मेमोरियल, दुसऱ्या बाजूला केईएम. टाटा १९४१ ची. १९६२ मध्ये ती अणुऊर्जा खात्याकडे आली आणि आजही त्याच खात्याची आहे. तारापूरचं केंद्र आणि हे रुग्णालय एकाच घरची भावंडं, हे बोईसरच्या किती जणांना ठाऊक असेल! अलीकडच्या फुटपाथवर ज्यांची प्रतिकारशक्ती जागी होत नाही ते फायली घेऊन उभे आहेत, पलीकडे ज्यांची निजत नाही ते.

टाटाच्या ओपीडीत डॉक्टर मावशींना निव्होलुमॅबबद्दल सांगताहेत. हल्ला करणाऱ्या टी पेशीवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो, तो हे औषध सोडवतं. पूर्ण मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम, किंमत पालघरच्या कुठल्याही घराला न परवडणारी. म्हणून विजय पाटील, कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटातच १५१ रोग्यांवर चाचणी घेतली: तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्या, आणि निम्म्यांना त्याबरोबर दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. वर्षानंतर नुसत्या गोळ्यांवरचे १६.३ टक्के हयात होते, सोबत निव्होलुमॅब मिळालेले ४३.४ टक्के. जगभरच्या डॉक्टरांनी हा निबंध वाचला. एवढ्याशा मात्रेत एवढं काम होत असेल तर बारापट मात्रा कुणाच्या सोयीची होती, हा प्रश्न मी तरी विचारणारच.

पण पीडी-१ टी-रेगच्या अंगावरही असतो. जठराच्या कर्करोगाच्या काही रोग्यांत पीडी-१ अडवल्यावर हल्लेखोरांऐवजी टी-रेगच माजल्या आणि गाठ झपाट्याने वाढली, हे जपानी गटाने २०१९ मध्ये दाखवलं. उलट औषध चांगलं लागलं तरी आवर ढिला होतो तो सगळ्या देहातच. थायरॉइड सुजते, आतडं सुजतं, क्वचित फुप्फुस, हृदय. मावशींसारखे, आधीच स्वतःवर उलटलेले रोगी तर अशा औषधांच्या बहुतेक चाचण्यांतून सुरुवातीलाच वगळलेले असतात. त्यामुळे डॉक्टरांपुढे त्यांच्यासारख्यांचे आकडे थोडे, आणि मावशी समोर बसलेल्या.

सळ्या वाढवायच्या कशा, यावर काम आहे, आणि ते दूर नाही, पुण्यात आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात मोहन वाणी यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की इंटरल्यूकिन-३ दिल्यावर उंदरांत फॉक्सपी३वाल्या पेशी वाढतात आणि सांधे वाचतात. जगात इतरत्र इंटरल्यूकिन-२ चीच अगदी थोडी मात्रा ल्युपससारख्या आजारांत वापरून बघताहेत: रस एवढाच टाकायचा की सर्वांत जास्त हात असलेल्या टी-रेगनाच तो मिळावा. हेच औषध भरमसाट मात्रेत दिलं की हल्लेखोर वाढतात आणि ते कर्करोगावर चालतं. आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून केलेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळालेली नेक्सकार१९ ही उपचारपद्धत रोग्याच्याच टी पेशी बाहेर काढून त्यांना निशाणा शिकवते. तसाच निशाणा टी-रेगना शिकवून त्यांना नेमक्या सांध्यात, नेमक्या मूत्रपिंडात पाठवायच्या चाचण्या परदेशात सुरू झाल्या आहेत. मावशींपर्यंत यातलं अजून काही पोचलेलं नाही.

“स्टेरॉइड रोज किती घेता, मावशी?”

“पाचची एक. सकाळी.”

डॉक्टर मान डोलवतात. रोज दहा मिलिग्रॅमच्या आत असेल तर बहुतेक डॉक्टर पुढे जायला तयार होतात. “सुरू करू या. पण नीट ऐका. सांधे नेहमीपेक्षा जास्त धरले, जुलाब लागले, धाप लागली, फार थकवा आला, यातलं काहीही झालं तर लगेच फोन करायचा. पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. आणि थायरॉइडची तपासणी वरचेवर करायची, ती पालघरला केली तरी चालेल.”

“आणि त्या आठवड्याच्या गोळ्या?”

“मेथोट्रेक्झेट आमच्याही गोळ्यांत आहे, दोन्हीकडून नको. ते केईएमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवतो. हे पत्र त्यांना आजच दाखवा.”

मावशी पत्राची घडी घालून दुसऱ्या फायलीत सरकवतात आणि पिशवी तुमच्या हातात देतात. “चल बाळा, रस्ता ओलांडू. तिकडची केसपेपरची खिडकी बंद व्हायच्या आत पोचायला हवं.”